अबलख घोडीच्या पायांना खाज, झालर कापावी की नको?

पागेवाला_मखमलाबाद · २८ नोव्हेंबर, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. धागा काढायला उशीर केलाय हे आधीच कबूल करतो म्हणजे पुढे कुणी झापायला नको.

आमच्याकडे पाच जनावरं आहेत. तीन मारवाडी, एक काठेवाडी आणि मे महिन्यात आणलेली शेवंती. शेवंती म्हणजे जिप्सी कॉब या विलायती जातीची क्रॉस, काळी-पांढरी अबलख, आणि चारी पायांना गुडघ्याखालून खुरापर्यंत लांब पांढरे केस. आम्ही झालर म्हणतो. चालायला लागली की घोळदार परकर घातल्यासारखी दिसते, वरातीला तिची तारीख घ्यायला लोक पत्रिका छापायच्या आधी फोन करतात. आजोबांचा नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी टांगा होता, त्यामुळे घोडं घरात नवीन नाही, पण असले केसाळ पाय तीन पिढ्यांत कुणी हाताळले नव्हते.

दिवाळीनंतर थंडी पडली तसं रात्री पाय आपटणं सुरू झालं. शेड पत्र्याचं, सगळा आवाज घुमतो, शेजारच्यांनी विचारलं की तुमच्याकडे रात्रपाळी चालते का. एक पाय दुसऱ्यावर घासते, गव्हाणीच्या कडेला टाच घासून घासून तिथलं सिमेंट गुळगुळीत करून ठेवलंय. नालबंद पाय उचलायला गेला तर असा झटका मारला की तो म्हणाला आधी हिचं काय ते बघा, मग मला बोलवा.

काल बॅटरीच्या उजेडात केस बाजूला करून पाहिलं. दुधाच्या पातेल्याच्या बुडाला खरवड धरते ना, तशी खपली. नखाने उचलली तर केसांचा पुंजका मुळासकट हातात आला आणि खाली गुलाबी ओलसर कातडी, भोवतीने कोंडाच कोंडा. वास पण येतोय थोडा.

एकाने मध्यंतरी गायीचं आयव्हरमेक्टिनचं (जंत-किड्यांवरचं) इंजेक्शन दिलं, आठ दिवस बरं वाटलं, परत तेच. आईने मीठमोहरी उतरवून टाकलेली आहे त्यामुळे तो उपाय कृपया कुणी सुचवू नये. खरा प्रश्न हा की पुढच्या महिन्यात सात वराती घेतल्यात, झालर न कापता काही होईल का?

निफाडकर_भाऊ · २९ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

भाऊ ही सरळ सरळ खरूज आहे, एवढं काय टेन्शन घेता. आमच्या गायींना गोचीड-खरजेला आम्ही अमिट्राझ मारतो, पाठीवरचा पंप भरायचा आणि पायांना न्हाऊ घालायचं, दोन वेळात साफ. दुकानात कुठंही मिळतं.

टापा_आणि_टाके · २९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

थांबा थांबा थांबा. निफाडकर भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे पण घोड्याला अमिट्राझ अजिबात नको. ठळक केलंय मुद्दाम. गायीला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. अमिट्राझने घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद आत साठून घट्ट बसते आणि पोटशूळ उठतो. वरून मारलं तरी अंगात जातं. पायाची खाज राहील बाजूला, घोडी पोटाने जाईल.

पागेवाले, मी पशुवैद्यक आहे, घोड्यांचं काम करतो, पण फोरमवर बसून निदान करत नाही त्यामुळे कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवाच. तुम्ही वर्णन केलंय ते मात्र झालरवाल्या घोड्यांत इतकं ठरलेलं आहे की पहिला संशय पायातल्या माइटवरच, म्हणजे कातडीवरच्या बारीक कोळ्यासारख्या किड्यावरच जातो. कोरिऑप्टिस नाव त्याचं. क्लाइड्सडेल, शायर, फ्रीजियन, कॉब, ज्यांच्या पायाला केस जास्त त्यांचा हा कायमचा भाडेकरू. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात एकदम कमी होतो. तुम्ही घोडी मे महिन्यात घेतलीत ना? म्हणजे तेव्हा पाय स्वच्छ दिसले असतील, विकणाऱ्यालाही कदाचित कळलं नसेल. आणि आता नाशिकची थंडी.

निफाडकर_भाऊ · २९ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

बरं झालं डॉक्टर सांगितलंत, माहीत नव्हतं खरंच. आमच्या वस्तीवर एकाचं तट्टू आहे आणि त्याला मीच मागच्या वर्षी मारायला सांगणार होतो, त्याने ऐकलं नाही म्हणून वाचलं.

गावठी_अश्वप्रेमी · २९ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. असली जनावरं आपल्याकडे आणायचीच कशाला? आपली भीमथडी घ्या, काठेवाडी घ्या, मारवाडी घ्या, पाय कसे सुपारीसारखे स्वच्छ. सारंगखेड्याच्या बाजारात एवढी देखणी जनावरं येतात. पण लोकांना फोटोत झालर पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडचा चिखल आणि वर गुडघ्यापर्यंत केस, आजार आमंत्रण देऊन बोलावल्यासारखं आहे.

गोदाकाठची_मैना · २९ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

अश्वप्रेमी, मुद्दा बरोबर असेल पण घोडी आता दारात उभी आहे आणि पाय आपटतेय. तिला काय सांगणार, तू यायलाच नको होतंस म्हणून?

गावठी_अश्वप्रेमी · २९ नोव्हेंबर, सकाळी १०.२५

तसं नाही ताई. पुढच्याने वाचून शहाणं व्हावं म्हणून लिहिलं.

पागेवाला_मखमलाबाद · २९ नोव्हेंबर, दुपारी २.००

अश्वप्रेमी, राग नाही, वडील रोज हेच बोलतात. डॉक्टर, माइट म्हणजे डोळ्याला दिसतात का? आणि ते गायीचं इंजेक्शन का लागू पडलं नाही?

टापा_आणि_टाके · २९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

आधी इंजेक्शनचं. हा माइट कातडी पोखरून आत जात नाही, रक्तही पीत नाही. कातडीच्या वर बसून कोंडा खातो. औषध रक्तातून जाणार आणि हा रक्ताच्या वाटेला जातच नाही, मग त्याच्यापर्यंत पोचणार किती? थोडे मरतात, खाज उतरते, आपण खूश, उरलेल्यांची पुढची पिढी तयार. म्हणून तुमचे आठ दिवस. शिवाय गायीचं आयव्हरमेक्टिन घोड्याला टोचायचं नसतं हो, टोचलेल्या जागी वाईट सूज आणि जंतुसंसर्ग झालेल्या केसेस आहेत. घोड्याला ते तोंडाने द्यायच्या पेस्टमधूनच देतात आणि तेही या माइटला अर्धंमुर्धंच पुरतं. डोरामेक्टिनची दोन इंजेक्शनं चौदा दिवसांच्या अंतराने काही डॉक्टर देतात. पण घोड्यासाठी लेबलवर ते नाही, त्यामुळे द्यायचं की नाही हे डॉक्टर घोडी बघून ठरवतील, दुकानदार नाही.

दिसतात का, तर जेमतेम. अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाहीत. एक सोपी युक्ती करा. काळा कागद घ्या, टाचेच्या वरच्या खोबणीतला कोंडा कडक ब्रशने त्यावर झटका, कागद थोडा वेळ उन्हात ठेवा आणि भिंगाने बघा. कोंडा चालायला लागला तर समजा. डॉक्टर आले की खरवडून किंवा सेलोटेपने नमुना घेऊन मायक्रोस्कोपखाली खात्री करतील, कारण बुरशी, चिखलाने होणारा जंतुसंसर्ग, उवा, सगळ्यांचं वरून दिसणं साधारण सारखंच.

निफाडकर_भाऊ · २९ नोव्हेंबर, रात्री ९.४५

म्हणजे हे आमच्या लाल कोळ्यासारखंच की. आमच्याकडे दहा पट दाखवणारं भिंग असतं, पानाखालचे कोळी आणि थ्रिप्स बघायला. पागेवाले, तुमच्या आजूबाजूला कुणीही बागायतदार देईल.

पागेवाला_मखमलाबाद · १ डिसेंबर, सकाळी ११.३०

चाललं!!! कोंडा चालला. शेजारच्या बागेतल्या काकांकडून भिंग आणलं, काकाच स्वतः बघत होते, म्हणाले अरे हे तर कोळीच, पण पांढरे. शेवंतीचे चारही पाय पाहिले, मागच्या दोन्हींत भरपूर, पुढच्यांत कमी. काठेवाडीच्या पायातला कोंडा पण झटकला, त्यात दोन-तीन सापडले आणि तो तर कधी पाय आपटत नाही. आता अंगावर शहारा येतोय, मलाच खाज सुटलीये. आमच्या मोतद्दाराच्या, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्या माणसाच्या हाताला पण पुरळ आहे, ते यानेच का?

टापा_आणि_टाके · १ डिसेंबर, दुपारी १.१५

हा माइट माणसावर संसार थाटत नाही. मोतद्दाराचं पुरळ जात नसेल तर त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा, माणसाच्या खरजेचा किडा वेगळा. तुम्हाला सुटलेली खाज मनाची, मला पण सुटते प्रत्येक केसनंतर.

काठेवाडीचं बरं झालं बघितलंत. केस कमी असलेल्या घोड्यावरही हे राहतात, खाज नसली तरी. एकट्या शेवंतीला औषध लावाल तर महिन्याभरात ती काठेवाडीकडून परत घेईल. पाचही जनावरांना एकाच वेळी लावायचं. आणि गाय आहे का शेडमध्ये?

पागेवाला_मखमलाबाद · १ डिसेंबर, दुपारी १.२०

एक गीर आहे. बाजूच्याच गाळ्यात. का?

टापा_आणि_टाके · १ डिसेंबर, दुपारी १.४०

या माइटचं पूर्ण नाव कोरिऑप्टिस बोव्हिस. बोव्हिस म्हणजे गायीचा. गायीच्या शेपटीच्या मुळाशी, कासेजवळ सापडतो. तिलाही दाखवा, दुधाची असेल तर तिचं औषध वेगळं निवडावं लागेल.

निफाडकर_भाऊ · १ डिसेंबर, रात्री ८.००

डॉक्टर एक शंका. माझ्याकडे द्राक्षाच्या भुरीसाठी (पानावरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) आणलेलं ८० टक्के गंधकाचं पोतं पडून आहे. गंधक माइटला मारतं हे आम्हाला बागेत दिसतंच. ते पाण्यात कालवून लावलं तर? अमिट्राझसारखं नाही ना काही?

चष्मेवाला_मास्तर · १ डिसेंबर, रात्री ८.२०

अवांतर, पण गंमत म्हणून. १८५२ साली व्हर्सायमधल्या ग्रिसन नावाच्या बागप्रमुखाने चुना आणि गंधक पाण्यात उकळून द्राक्षाच्या भुरीवर मारलं होतं. तसलंच द्रावण पुढे मेंढ्यांच्या खरजेलाही वापरात होतं, कळपच्या कळप हौदातून बुडवून काढायचे. म्हणजे बाग आणि पागा यांचं औषध एक असणं नवीन नाही. (डॉक्टरांनी चूक असेल तर कान धरावा.)

टापा_आणि_टाके · १ डिसेंबर, रात्री ९.५०

मास्तर बरोबर आहेत, आणि निफाडकर भाऊंचा अंदाजही पूर्ण चुकीचा नाही. चुना-गंधकाचं द्रावण म्हणजे लाइम सल्फर आजही या आजारावर चालतं, आठवड्यातून एकदा, चार आठवडे. पण ते जनावरांसाठी बनवलेलं घ्यायचं आणि सांगितलं तेवढंच पातळ करायचं. बागेच्या पोत्यातल्या पावडरीत पाण्यात नीट मिसळायला, पानाला चिकटायला म्हणून काय काय मिसळलेलं असतं, ते उघड्या ओल्या जखमेवर नको. इंग्लंडात झालरवाल्या घोड्यांना तेलात गंधक कालवून चोपडायची जुनी पद्धत आहे, तीसुद्धा काही घोड्यांच्या कातडीला भाजते. आधी रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघतात. लाइम सल्फरला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पांढरे केस पिवळे पडतात, हे वरातवाल्यांनी लक्षात ठेवायचं.

आता पागेवाल्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, जे मी तीन दिवस टाळतोय. कापा. झालर ठेवून उपचार करणारे लोक आहेत, महिनोन्‌महिने करत बसतात. त्या केसांच्या जंगलात औषध कातडीपर्यंत पोचत नाही, धुतलं तर वाळत नाही, आणि ओली कातडी म्हणजे जंतूंना आयतं रान. कापल्यावर खाली काय आहे ते निदान दिसेल तरी.

पागेवाला_मखमलाबाद · १ डिसेंबर, रात्री ११.१०

सात वराती डॉक्टर.

गोदाकाठची_मैना · २ डिसेंबर, सकाळी ८.००

दादा, वरातीत फटाके, ब्यांजो, पाचशे माणसं आणि पाठीवर नवरदेव. पायाला सतत चावतंय अशी घोडी तिथे उभी करणार तुम्ही? आमच्या नात्यातल्या एका लग्नात घोडी बुजली होती, नवरदेव थेट मांडवाच्या खांबाला जाऊन धडकला. तुम्ही तिला मारवाडीची बदली द्या आणि गिऱ्हाइकाला खरं सांगा.

गावठी_अश्वप्रेमी · २ डिसेंबर, सकाळी ८.३०

मैनाताईंना +१. पहिल्यांदाच.

पागेवाला_मखमलाबाद · ५ डिसेंबर, रात्री १०.३०

कापली.

जरा सविस्तर लिहितो कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कुत्र्याचे केस कापायचं मशीन आणलं होतं, पहिल्याच पायाला दोन मिनिटांत गरम होऊन बसलं, केसांत चिखल आणि खपल्या इतक्या की पातं अडकायचं. मग वडिलांना आठवलं की गावाबाहेर धनगरांचा वाडा उतरलाय. त्यांच्यातला एक म्हातारा आला, मेंढ्या कातरायची ती मोठी कातर घेऊन. घोडीकडे बघून म्हणाला हिला मेंढीचे पाय कुणी लावले. आमचे डॉक्टर आले होते, त्यांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, शेवंतीने मान खाली टाकली आणि म्हाताऱ्याने वीस मिनिटांत चारही पाय मोकळे केले. एक थेंब रक्त नाही. पैसे देत होतो तर म्हणाला केस द्या, मग म्हणाला नको, यात किडे आहेत ना.

खालचं बघवत नव्हतं. मागच्या उजव्या पायाला टाचेवर हाताची दोन बोटं बसतील एवढी खपली, तिच्याखाली पू. आमच्या डॉक्टरांनी खरवडून नमुना नेला, संध्याकाळी फोन आला, माइटच, आणि वरून जंतूंचा संसर्ग. खपल्या कोरड्या ओढायच्या नाहीत म्हणाले, भिजवून मऊ करून जेवढ्या सुटतील तेवढ्याच काढायच्या. मग सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू, तोच जो माणसं कोंड्याला वापरतात, दहा मिनिटं फेस ठेवायचा, कोमट पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं. टॉवेलने टिपून टिपून हात दुखले. शेवटी बायकोने तिचा ड्रायर दिला, घोडीला तो आवाज आवडला, बायकोला ड्रायर आता परत नकोय.

पूर्ण वाळल्यावर फिप्रोनिलचा फवारा, कुत्र्यांना गोचिडासाठी मिळतो तो, डॉक्टरांनी स्वतः मारला. घोड्यासाठी तो लिहिलेला नसतो पण वापरतात म्हणाले. बाकी चौघांना पण. गीरला नाही, तिला वेगळं दिलं.

टापा_आणि_टाके · ६ डिसेंबर, सकाळी ७.१०

उत्तम. तुमचे डॉक्टर व्यवस्थित आहेत, त्यांचं ऐका, माझं नको. दोन गोष्टी जोडतो फक्त. शेतातलं फिप्रोनिल वापरायचा मोह कुणालाही होऊ नये, आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका, मासे आणि मधमाश्या दोन्हींना ते विष आहे आणि तुमच्या चहूकडे बागा.

दुसरं, आता सगळं छान दिसेल आणि तुम्ही थांबाल. थांबू नका. अंड्यापासून मोठा होईपर्यंत याला साधारण तीन आठवडे लागतात आणि अंड्यांवर औषधाचा भरवसा नाही. घोड्याच्या अंगाबाहेर, खाली पडलेल्या कोंड्यावर हे दोन महिन्यांहून जास्त जगलेले आढळलेत. म्हणजे अंथरूण, ब्रश, खरारा, पायाला बांधायच्या पट्ट्या, गव्हाणीची ती गुळगुळीत कड, सगळीकडे आहेत असं धरून चाला.

पागेवाला_मखमलाबाद · ६ डिसेंबर, दुपारी ३.००

इगतपुरीहून भाताचा पेंढा आणतो अंथरायला, कालचाच टेम्पो उतरलाय, अर्धा शेडमध्येच रचून ठेवलाय. तो पण टाकायचा??

टापा_आणि_टाके · ६ डिसेंबर, दुपारी ३.२५

जनावरांच्या पायाखाली गेलेला सगळा काढून जाळा. रचलेल्याला घोडी अंग घासत नसेल तर तो बाहेर हलवून ठेवा. लाकूड-भिंती खरवडून धुवा, दर फवाऱ्याच्या दिवशी अंथरूण नवीन.

कोंबडीवाले_काका · ७ डिसेंबर, सकाळी ९.००

आमच्या गावठी कोंबड्यांच्या पायाला पण माइट होतो, खवले वर उचलले जातात, आम्ही व्हॅसलीन चोपडतो, माइट गुदमरून मरतो. घोड्याला का नाही चालणार?

टापा_आणि_टाके · ७ डिसेंबर, सकाळी ९.३०

काका, तो भाऊबंद वेगळा, खवल्याखाली बीळ करून राहतो त्यामुळे जागच्या जागी गुदमरतो. घोड्याच्या पायाला ते नको, खाली ओल आणि जंतू कोंडले जातील.

पागेवाला_मखमलाबाद · ३ जानेवारी, रात्री ९.४०

मंडळी, उशिरा आलो, वरातींत अडकलो होतो. सातांतल्या चार गिऱ्हाइकांनी मारवाडी चालवून घेतली, दोघांनी बुकिंग रद्द केलं आणि एका नवरीने स्वतः फोन करून सांगितलं की शेवंतीच पाहिजे, केस नसले तरी चालतील. शाम्पू दर आठवड्याला चाललाय, फवारा डॉक्टरांनी तीन वेळा मारला, तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी परत सेलोटेप लावून बघितलं, काही सापडलं नाही. तिने पाय आपटणं दुसऱ्या आठवड्यातच बंद केलं होतं. नालबंद आला, नाल ठोकून गेला.

एकच गोष्ट. उजव्या पायाची जखम भरली पण टाचेवर कातडीच्या दोन वळ्या तशाच राहिल्यात, घट्ट, दाबल्या तर दुखत नाहीत.

टापा_आणि_टाके · ३ जानेवारी, रात्री १०.२०

त्या वळ्यांचा आत्ताच फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच जागेचा काढत जा. या जातींत पायातली लसीका (अंगात झिरपणारा पाण्यासारखा द्रव) नीट वर चढत नाही, पाय हळूहळू जाड होत जातो, तो आजार माइटपासून वेगळा असतो आणि बरा होत नाही, पण माइट आणि जखमा त्याला खतपाणी घालतात. नुसती जुन्या सुजेची खूणही असू शकेल. तुमच्या डॉक्टरांना हात लावून बघू द्या. रोज चालवा, उभी ठेवू नका. आणि कधी तो पाय एकदम गरम होऊन सुजला, टेकवत नसली, तर सकाळची वाट न बघता बोलवा. झालर यायला वर्ष लागेल, पुढच्या दिवाळीआधी काळा कागद काढा.

गोदाकाठची_मैना · ४ जानेवारी, सकाळी ८.१५

छान वाटलं वाचून. वाचनखूण साठवली. कापलेले केस जाळले ना सगळे?

पागेवाला_मखमलाबाद · ४ जानेवारी, सकाळी ८.४०

सगळे जाळले असं कालपर्यंत मला वाटत होतं. काल मुलीच्या कंपासपेटीत रबरबँड लावलेली पांढरी वेणी सापडली, शेवंतीची आठवण म्हणून ठेवली म्हणे, महिनाभर रोज शाळेत नेत होती. रडारड झाली, वेणी बंबात घातली, कंपासपेटी उकळत्या पाण्याने धुऊन गच्चीवर उन्हात ठेवलीय. डॉक्टर, एवढं पुरे ना?